कलेजी ते काचपट्टी: जुन्या मायक्रोटोमवर ऊतींच्या स्लाइड्स बनवताना ठेवलेल्या नोंदी

आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात पर्मनंट स्लाइड्सचे सहा खोके आहेत. निम्म्या स्लाइड्सचा रंग उडालाय, काहींच्या कव्हरस्लिपखाली बुडबुडे शिरलेत, आणि ‘मूत्रपिंड’ असं लेबल असलेल्या एका स्लाइडमध्ये नक्की काय आहे हे मलाही सांगता येत नाही. अंबाल्याच्या पुरवठादाराकडून नवा संच मागवायचा तर तीन दरपत्रकं, मंजुरी आणि पुढच्या मार्चपर्यंत वाट. इकडे टेबलाखाली पोत्यात गुंडाळलेला रोटरी मायक्रोटोम, म्हणजे चाक फिरवून ऊतींचे अतिपातळ काप करणारं यंत्र, वर्षानुवर्षं पडून होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बाहेर काढायचा आणि निदान यकृत, मूत्रपिंड, आतडं यांच्या स्लाइड्स स्वतः करायच्या असं ठरवलं. सोबतीला प्रयोगशाळेतले मामा. त्यांची निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. सांगली जिल्ह्यातलं साधं कॉलेज आहे, एसी नाही, टिशू प्रोसेसर नाही. असंच काही करू बघणाऱ्यांनी आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत.

६ मे

काय आहे, काय नाही, याची यादी. पॅराफिन वॅक्स अर्धा किलो, पण साध्या पिशवीत, वितळणबिंदू कुठेच लिहिलेला नाही. पितळेचे एल आकाराचे तुकडे चार जोड्या. वॅक्स वितळवायची ओव्हन चालू. हिमॅटॉक्झिलिनची (पेशींची केंद्रकं रंगवणाऱ्या रंगाची) एक अर्धी भरलेली बाटली, तारीख पुसलेली. झायलीन (अल्कोहोल काढून वॅक्सला वाट करून देणारं द्रावक) थोडं.

ॲब्सोल्यूट (पाणीविरहित) अल्कोहोल नाही. त्याला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, आमचा कधीचाच संपलाय. त्या फायलीच्या मागे लागले असते तर सुट्टी तिथेच संपली असती. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं ठरवलं. परवान्याची भानगड नाही आणि निर्जलीकरणाचं, म्हणजे ऊतीतलं पाणी काढायचं, काम ते चोख करतं.

कपाटाच्या तळाशी पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली सापडली, झाकणाभोवती पिवळी पापडी धरलेली. मामा झाकण फिरवणार एवढ्यात मी ओरडले. कोरडं पिक्रिक ॲसिड घर्षणानेसुद्धा फुटू शकतं. बाटलीला हात न लावता कपाट बंद केलं, वर कागद चिकटवला, विभागप्रमुखांना लेखी दिलं. जुन्या प्रयोगशाळेत काम सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हीच बाटली शोधावी. त्यामुळे बुआंचं द्रावण (ऊती टिकवायचं, पिक्रिक ॲसिड लागणारं) बाद. फॉर्मॅलिनवरच भागवायचं.

८ मे

मायक्रोटोमचं चाक फिरतं, पण ब्लॉक (ऊती बसवलेला वॅक्सचा ठोकळा) पुढे सरकतो कधी, कधी नाही. आधीच्या कुणीतरी सायकलच्या चेनला लावतात तसलं जाड ग्रीस भरून ठेवलेलं, त्यात जुन्या वॅक्सचा भुगा बसून त्याची खळ झालेली. मामांनी दिवसभर रॉकेलच्या बोळ्यांनी ते खरवडून काढलं, मग शिलाई मशीनचं पातळ तेल दिलं. संध्याकाळी काटा दर फेरीला ‘टक’ असा एकसारखा वाजायला लागला. तो आवाज चुकला की सेक्शन (ऊतीचा काप) एक जाड, एक पातळ येणार, हे पुढे कळलं. खर्च शून्य, वेळ एक दिवस.

११ मे: पहिला घाणा

यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं बंद केली, त्यामुळे नमुने खाटकाच्या दुकानातूनच. सकाळी साडेदहाला मटणाच्या दुकानात गेले. ताटातली कलेजी, एक गुर्दा आणि थोडी वजडी घेतली. दुकानदाराने माझ्यावर उपकार म्हणून वजडी नळाखाली घासून, पिळून, स्वच्छ करून दिली. कॉलेजात आल्यावर सगळं एका बरणीत टाकलं, वर नळाच्या पाण्यात केलेलं १० टक्के फॉर्मॅलिन.

एवढ्या चार वाक्यांत पाच चुका आहेत. तेव्हा एकही जाणवली नाही.

१३ मे

दोन दिवसांनी कलेजीचा तुकडा मधोमध कापला. बाहेरून करडा, कडक, उकडलेल्या अंड्यासारखा. आत दोन-तीन मिलिमीटरनंतर गुलाबी, मऊ, आणि चक्क वास येणारा. फॉर्मॅलिन आत पोचलंच नव्हतं. ते सावकाश शिरतं, पहिला एखादा मिलिमीटर तासाभरात आणि नंतर आणखी रेंगाळत. तोवर मधल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळलेल्या. माझा तुकडा लिंबाएवढा होता.

वजडीची गोष्ट त्याहून वाईट. हाताच्या भिंगातून पाहिलं तर आतली बाजू गुळगुळीत. घासताना रसांकुर (आतल्या बाजूचे बोटांसारखे बारीक उंचवटे) गटारात गेले. स्वच्छ वजडी जेवायला चांगली, स्लाइडला नाही.

कलेजी आणि वजडी टाकली. गुर्दा मात्र अर्धा चिरलेला होता, तो बरा वाटला, म्हणून त्याच बरणीत राहू दिला. या गुर्द्याचं पुढे पुन्हा येईल.

१४ मे: दुसरा घाणा

या वेळी फॉर्मॅलिन नीट केलं. एक लिटरसाठी बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच कागदावर ७ च्या आसपास. दार-खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा पाठीमागून लावून केलं, तरी डोळ्यांतून पाणी आलंच. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, विद्यार्थ्यांना यात हात घालू देऊ नये.

मग बरणी घेऊन मीच चिकन सेंटरवर गेले. चाचांना समजावलं की मला ताटातलं नको, आत्ता कापलेल्या कोंबडीचं हवंय, आणि धुवायचं नाही. “मॅडम, धुतल्याशिवाय नेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय,” म्हणाले. आतडी तर ते टाकूनच देतात, ती फुकट. ओट्याच्या कोपऱ्यावर नव्या ब्लेडने यकृताचे चार मिलिमीटर जाडीचे काप केले, आतड्याचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे, आणि कोंबडी कापल्यापासून पाच-सात मिनिटांत सगळं द्रावणात. शेजारच्या दुकानातून बकऱ्याचा ताजा गुर्दा तसाच. द्रावण तुकड्यांच्या वीसपट. मागे उभ्या असलेल्या दोघा गिऱ्हाइकांनी फॉर्मॅलिनच्या वासाने रांग सोडली, त्याबद्दल चाचांची माफी मागितली.

अर्धे तुकडे राखीव ठेवायचं मामांनी सुचवलं. त्या एका सूचनेने पुढे महिना वाचवला.

१६ मे

दोन दिवसांनी तुकडे बाहेर. आता निर्जलीकरण: ७०, ८०, ९०, ९५ टक्के, मग शुद्ध आयसोप्रोपिल दोनदा, प्रत्येकात तासभर. तुकडे या बाटलीतून त्या बाटलीत चिमट्याने हलवले की कडा मोडतात. मामांनी घरून चहाच्या स्टीलच्या छोट्या गाळण्या आणल्या. एका गाळणीत एक अवयव, गाळणीच उचलून पुढच्या बाटलीत. कारखान्यात बनलेल्या कॅसेट महाग नसतात, पण त्या यायला दहा दिवस लागले असते.

प्रत्येक गाळणीत जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पळून जाते, हे मला माहीत होतं. (ते मी २४ जूनला विसरले.)

शेवटच्या अल्कोहोलमधून झायलीनमध्ये गाळणी घातली आणि झायलीन ताकासारखं पांढुरकं झालं. म्हणजे तुकड्यांत अजून पाणी. शुद्ध म्हणून घेतलेलं आयसोप्रोपिल एका जुन्या, अर्ध्या बाटलीतलं होतं, बूच सैल. त्याने हवेतलं पाणी कधीच ओढून घेतलेलं. सगळं उलटं फिरवून नव्या बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये रात्रभर.

१७ मे

मोरचूद पोर्सेलिनच्या वाटीत पांढरी होईपर्यंत भाजली आणि शेवटच्या अल्कोहोलच्या बाटलीच्या तळाशी घातली, वर गाळणकागदाची चकती. निळी झाली की समजायचं, अल्कोहोलमध्ये पाणी आलंय. किमती उपकरणाशिवाय याहून भरवशाची परीक्षा मला माहीत नाही.

आज झायलीन स्वच्छ राहिलं. यकृताचे काप पाऊण तासात काकवीच्या वडीसारखे अर्धपारदर्शक दिसायला लागले. तिथेच थांबायचं. जास्त वेळ ठेवले की ऊती ठिसूळ होते. दुपारी वॅक्समध्ये. ओव्हनचा काटा ६० वर.

१८ मे

तीन वॅक्स बदलून बाहेर काढलेले तुकडे खारकेसारखे. आकाराने निम्मे, नखाने टोचले तर टणटण. ओव्हनमध्ये साधा थर्मामीटर ठेवला आणि तासाभराने पाहिलं तर ७४ अंश. काटा साठवर, आत चौऱ्याहत्तर. कालच पाच मिनिटं काढून हे तपासलं असतं तर अख्खा घाणा वाचला असता. ऊती अक्षरशः तळली गेली.

थर्मोस्टॅट बदलला, ६५० रुपये. नवं वॅक्सही मागवलं, ५८-६० अंशांचं, बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं. पिशवीतलं जुनं वॅक्स ओव्हनमध्ये ५२ अंशांलाच पाणी झालं होतं. आमच्या मे महिन्यात ते कापताना लोण्यासारखं वागलं असतं.

२२ मे

राखीव तुकड्यांपासून पुन्हा सगळं. या वेळी तापमान दर अर्ध्या तासाने वहीत. संध्याकाळी पाचला वळीव आला, वीज गेली ती रात्री साडेनऊपर्यंत. तुकडे तिसऱ्या वॅक्समध्ये होते, वॅक्स गोठलं. घाबरून घरी गेले. सकाळी पुन्हा ६० अंशांना वितळवलं, अर्धा तास ठेवलं, काही बिघडलं नव्हतं. गोठलेल्या वॅक्समध्ये ऊती महिनाभरही राहते. तिला मारते ती उष्णता.

२३ मे: ब्लॉक

काचेवर ग्लिसरिनचा बारीक हात, त्यावर एल तुकड्यांची चौकट, आत वितळलेलं वॅक्स, मग गरम चिमट्याने तुकडा, जी बाजू कापायची ती खाली. चिमटा गार असला की त्याभोवती वॅक्स गोठतं आणि तुकड्याभोवती पांढरं भेगाळ कडं राहतं. वरची साय धरेपर्यंत थांबायचं, मग चौकट गार पाण्यात. मी पहिल्या दोन चौकटी घाईने बुडवल्या, पाणी आत शिरून मध्ये पोकळ्या झाल्या. ते ब्लॉक वितळवून पुन्हा केले. आतड्याचा तुकडा उभा रहावा म्हणून मामांनी साय धरेपर्यंत तो सुईने धरून ठेवला. एकूण चौदा ब्लॉक, त्यातले अकरा चांगले.

२५ ते २७ मे

तीन दिवस, एक धड सेक्शन नाही.

पहिल्या दिवशी दुपारी दोनला बसलो, खोलीत ३९ अंश. सेक्शन सुरीवर चुरगळून अकॉर्डियनच्या भात्यासारखे गोळा. वॅक्स मऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आलो, चाचांच्या शेजारच्या मासेवाल्या मावशींकडून बर्फ आणला, ब्लॉक दहा मिनिटं बर्फावर उपडा. आता सेक्शन उलगडून आले, पण प्रत्येकात उभ्या चिरा, कंगव्याने ओढल्यासारख्या. सुरीला दात पडलेले. भिंगाखाली सरळ दिसले.

तिसऱ्या दिवशी जुन्या सलूनवाल्या काकांकडे सुरी नेली. त्यांनी दगडावर आणि चामडी पट्ट्यावर तासभर मन लावून धार दिली. वस्तरा असता तर कुणाच्याही गालावर चालला असता. मायक्रोटोमच्या सुरीला मात्र विशिष्ट कोनाची सपाट धार लागते, आणि पट्ट्यावर ती कड गोलसर झाली. ब्लॉक कापला न जाता दाबला जायला लागला. दोष काकांचा नाही. त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

हार मानून एकदा वापरून टाकायच्या ब्लेडचा होल्डर मागवला, जुन्या सुरीच्या जागी बसणारा. होल्डर ३,२०० रुपये आणि दहा ब्लेड ९५०. आमच्या यादीतला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो पहिल्याच आठवड्यात केला असता तर तीन दिवस वाचले असते.

३० मे

सकाळी साडेसहा. नवं ब्लेड, बर्फावरचा ब्लॉक, जाडी सहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पहिल्या वीसेक फेऱ्या भुगा. मग एक सेक्शन सुरीच्या कडेवर थांबला, दुसऱ्याने त्याला ढकललं, तिसरा दुसऱ्याला चिकटला, आणि रिबन रांगत पुढे यायला लागली. मामा चाक फिरवत होते. मी ओल्या ब्रशने टोक उचलून धरलं होतं. पंखा बंद, दार बंद, दोघंही श्वास रोखून. तेवढ्यात शिपाई दार उघडून “मॅडम, चहा” म्हणाला आणि रिबन उडून मामांच्या शर्टावर बसली.

दुसरी रिबन टिकली. ती डावीकडे वळत होती, कारण ब्लॉकच्या वरच्या-खालच्या कडा समांतर नव्हत्या. ब्लेडने कडा सारख्या केल्यावर सरळ आली.

रिबन पसरवायला ४५ अंशांचं पाणी लागतं. स्टीलच्या परातीत सेक्शन दिसतच नाही, सगळं चकाकतं. बाजारातून काळं नॉनस्टिक पॅन आणलं, ४५० रुपये. काळ्या तळावर सेक्शन चंदेरी दिसतो आणि सुरकुत्या कळतात. पाणी आधी उकळून गार करून घ्यावं, नाहीतर बारीक बुडबुडे सेक्शनखाली अडकतात.

स्लाइडवर सेक्शन चिकटायला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरिन समप्रमाणात, गाळून, थायमॉलचा एक खडा टाकून. अंडीही चाचांकडचीच. करंगळीने एक थेंब स्लाइडभर पुसायचा, जवळजवळ काहीच न उरेल इतका. मी पहिल्या पंधरा स्लाइड्सना उदारपणे लावला. रंगवल्यावर त्यांची पार्श्वभूमी गुलाबी ढगाळ झाली.

२ जून

पहिलं रंगकाम. केंद्रकं निळी-जांभळी दिसायला हवीत, आमची फिक्या चहाच्या रंगाची. जुन्या हिमॅटॉक्झिलिनचे दोन थेंब नळाच्या पाण्यात टाकून पाहिले. चांगलं द्रावण पाण्यात जांभळं-निळं होतं, आमचं विटकरी राहिलं. गरजेपेक्षा जास्त मुरून मेलेलं. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि ती मी सहा स्लाइड्स वाया घालवल्यावर केली.

४ जून

एर्लिखचं हिमॅटॉक्झिलिन घरीच केलं. म्हणजे प्रयोगशाळेत, पण पाककृतीच ती. पूड १ ग्रॅम, अल्कोहोल ५० मिली (एवढ्यापुरतं रसायनशास्त्रवाल्यांकडून उसनं), त्यात विरघळल्यावर ग्लिसरिन ५० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली, ग्लेशियल ॲसेटिक ५ मिली आणि पोटॅश तुरटी साडेसात ग्रॅम. मामांनी दाढीची तुरटी चालेल का विचारलं. चाललीही असती कदाचित, पण तिच्यात काय काय मिसळलंय कोण सांगणार. प्रयोगशाळेतलीच घेतली.

हे द्रावण उन्हात दोनेक महिने मुरवायचं असतं. लोणचंच ते. तेवढा धीर नव्हता, म्हणून निम्म्यात सोडियम आयोडेट, पुडीच्या दर ग्रॅमला ५० मिलिग्रॅम या हिशेबाने, घालून लगेच वापरण्याजोगं केलं. अर्धी बाटली आयोडेटशिवाय, झाकणाऐवजी कापसाचा बोळा लावून, उन्हाच्या खिडकीत ठेवलीय. बघू कोण जिंकतं.

यानंतर पेपर तपासणी, प्रवेश. पंधरा दिवस काही नाही.

२० जून

पाऊस लागला. नव्या हिमॅटॉक्झिलिनमध्ये तीस मिनिटं, जादा रंग काढायला आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये दोन बुड्या, मग पाण्यात. इथे लाल-जांभळी केंद्रकं निळी व्हायला हवीत. दहा मिनिटं गेली, वीस, चाळीस. लालच. पुन्हा द्रावणाला शिव्या. पुन्हा थेंबांची परीक्षा, पण ती नीट.

बेसिनवरचा नळ मामांनी बदलून घेतला होता. विद्यार्थ्यांसाठी मागच्या वर्षी आरओ बसला, त्याचंच पाणी आता प्रयोगशाळेत येतं. पीएच कागदावर ६. निळं व्हायला पाणी अल्कधर्मी लागतं. मामा मैदानातल्या बोअरचं पाणी बादलीभर घेऊन आले, जे आम्ही नावं ठेवतो, ज्याने घंगाळाच्या तळाला पांढरा थर धरतो. स्लाइड्सचा रॅक त्यात बुडवला आणि डोळ्यांदेखत कडेकडून निळाई चढत गेली. दोन-तीन मिनिटं. मी मामांना बोलावून पुन्हा एका स्लाइडवर करून दाखवलं, नुसतं बघायला.

बोअरचं पाणी नसेल तर पाण्यात अमोनियाचे दोन-चार थेंब पुरतात. पण जास्त अल्कधर्मी पाण्यात सेक्शन सुटून तरंगायला लागतात. अमोनियाच्या पाण्यात आमचे तीन गेले.

२४ जून

बारा स्लाइड्स एकदम रंगवल्या, मार्करने कोपऱ्यात य, मू, आ लिहून. झायलीनमधून बाहेर आल्या तेव्हा बाराच्या बारा कोऱ्या. यकृत आणि मूत्रपिंड पाहून ओळखता आले, पण कुठली कोणत्या ब्लॉकची, किती मायक्रॉनची, हे गेलंच. हिरकणीच्या टोकाची पेन्सिल भौतिकशास्त्र विभागाकडून आणली.

२८ जून

स्लाइड्स छान रंगल्या आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचा पारदर्शक चिकटा) लावल्यावर दुसऱ्या दिवशी धुरकट. दुधाळ पडदा. कारण तेच मे महिन्यातलं: पाणी. हवेत इतका दमट ओलावा की उघड्या जारमधलं शेवटचं अल्कोहोल दोन दिवसांत ओलं होतं. मोरचूद निळी झालीच होती, मी पाहिली नव्हती. कव्हरस्लिप झायलीनमध्ये सोडवून, सुक्या अल्कोहोलमधून परत नेऊन, पुन्हा लावल्या. नऊपैकी सात वाचल्या. आता जारवर झाकण, आणि शेवटचं अल्कोहोल दर दोन घाण्यांना नवं.

उलट चूकही केली. झायलीनमधून काढून कव्हरस्लिप शोधत बसले, सेक्शन वाळला, आणि केंद्रकांवर तपकिरी चकाकते ठिपके आले. आधी कव्हरस्लिप पुसून ओळीत मांडाव्यात, मग स्लाइडला हात लावावा.

५ जुलै

बकऱ्याच्या मूत्रपिंडाची स्लाइड, ४० च्या वस्तुभिंगाखाली. केशिकागुच्छ गोल, भोवती पांढरी फट, बाजूला नलिकांच्या गुलाबी कडी. कपाटातल्या कुठल्याही स्लाइडपेक्षा चांगली. हे मी निःपक्षपातीपणे म्हणतेय असं नाही.

एम.एस्सी.ची एक मुलगी कोंबडीचं यकृत बघत होती. “मॅडम, रक्तवाहिनीत हे लांबट निळे ठिपके कसले?” तांबड्या पेशींची केंद्रकं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, हे तिने परीक्षेत तीनदा लिहिलंय. मग तिने शेजारी बकऱ्याची स्लाइड लावली, तिथे केंद्रक नाही, आणि पुढचा अर्धा तास सूक्ष्मदर्शक कुणाला दिला नाही.

आणि तो पहिल्या घाण्यातला गुर्दा. जूनमध्ये ‘वाया कशाला घालवा’ म्हणून त्याचाही ब्लॉक केला होता. सेक्शन उत्तम, रंग उत्तम, आणि सगळीकडे काळपट तपकिरी कण, मिरपूड भुरभुरल्यासारखे, जिथे रक्त तिथे दाट. बफर (पीएच स्थिर ठेवणारे ते फॉस्फेटचे क्षार) न घातलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून हा रंगकण तयार करतं. तो पिक्रिक ॲसिडच्या अल्कोहोली द्रावणाने निघतो. आमचं पिक्रिक ॲसिड कागद चिकटवलेल्या कपाटात आहे. ११ मेला दहा ग्रॅम क्षार वाचवले, त्याची पावती ५ जुलैला. ही स्लाइड टाकली नाही, ‘बिघाड’ असं लेबल लावून ठेवलीय. विद्यार्थ्यांना ती आधी दाखवायची.

१२ जुलै

हिशेब. ब्लेड होल्डर ३,२००, ब्लेड ९५०, हिमॅटॉक्झिलिनची पूड ५ ग्रॅम १,८५०, आयसोप्रोपिल अडीच लिटर ९४०, झायलीन दोन बाटल्या ७६०, थर्मोस्टॅट ६५०, वॅक्स ५२०, पॅन ४५०, डीपीएक्स ४३०, स्लाइड्स आणि कव्हरस्लिप ३९०, फॉर्मॅलिन आणि क्षार ३६०, कलेजी-गुर्दे २४०. एकूण १०,७४० रुपये, त्यातले साडेसहा हजार कॉलेजकडून मिळाले, बाकी बघू. ११२ स्लाइड्स केल्या, ठेवण्याजोग्या ४६.

वापरलेलं झायलीन आणि फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतलेलं नाही. दोन वेगळ्या कॅनमध्ये, नाव लिहून, रसायनशास्त्रवाल्यांच्या टाकाऊ द्रावणांसोबत जाईल. खिडकीतलं हिमॅटॉक्झिलिन वाईनच्या रंगाचं झालंय, वासही फळासारखा. पावसामुळे ऊन नाही, म्हणून अजून महिनाभर.

आतडं अजून जमलेलं नाही. रसांकुर आहेत, पण टोकं झडलेली, कारण फॉर्मॅलिन बाहेरून भिंतीतून आत जाईपर्यंत आतली बाजू सडायला लागते. पुढच्या वेळी तुकडा बरणीत टाकायच्या आधी सिरिंजने आतून फॉर्मॅलिन सोडायचं. परवा सकाळी सातला जायचंय, गर्दीच्या आधी. चाचांना कालच सांगून ठेवलंय, मामांनी बरणी आणि सिरिंज पिशवीत भरून दाराशी ठेवलीय.